स्मरणाचा मेळ

स्मरणशक्तीविषयीं आपण बोलूं लागलों म्हणजे बहुधा कोठाराची भाषा वापरतों. अमक्याच्या डोक्यांत फार सांठा आहे, तमक्याच्या डोक्यांत कांहींच राहत नाहीं, मुलाच्या डोक्यांत अभ्यास कोंबावा लागतो, इत्यादि बोलणीं घरोघर ऐकूं येतात. या भाषेचा परिणाम असा होतो कीं, परीक्षा जवळ आली म्हणजे वडील माणसें मुलाच्या झोंपेवर धाड घालतात. आणि साठी उलटलेल्या गृहस्थास एखादें नांव आठवेनासें झालें कीं कोठारास भोंक पडलें या धास्तीनें तो रात्र काढतो. गेल्या शंभर वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनीं जें दाखवून दिलें आहे तें या कोठाराच्या कल्पनेशीं जुळत नाहीं. त्यांच्या मतें स्मरण म्हणजे मेंदूंतील दूरदूरच्या जागांनीं नेमक्या क्षणीं एकत्र येऊन केलेलें काम होय. हें म्हणणें वाचकांपुढें साधार मांडावें, आणि त्यावरून घरांत काय करावें व काय करूं नये याचा विचार करावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

आमच्या शास्त्रकारांनीं स्मृतीचा विचार आपल्या परीनें केला होता. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहांत ज्ञानाचे अनुभव आणि स्मृति असे दोन भाग केले असून, स्मृति ही संस्कारापासून उपजते असें मानिलें आहे. पतंजलींनीं योगसूत्रांत चित्ताच्या ज्या पांच वृत्ति सांगितल्या त्यांत निद्रा आणि स्मृति यांस शेजारीं शेजारीं बसविलें आहे. आजच्या प्रयोगांत या दोघींची जवळीक किती दिसते हें पुढें येईलच. परंतु तेवढ्यावरून आधुनिक शोध आमच्या पोथ्यांत आधींच होते असें म्हणण्याचा मोह धरूं नये. संस्कार देहांत कोठें आणि कसा वसतो हा त्या ग्रंथांचा प्रश्नच नव्हता. तो विचारिला गेला अलीकडे, शस्त्रक्रिया, विद्युत् आणि गणित यांच्या साह्यानें.

या प्रश्नाचें पहिलें मोठें उत्तर एका दुर्दैवी मनुष्याच्या हालांतून मिळालें. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्माराच्या झटक्यांसाठीं मेंदूची शस्त्रक्रिया करण्यांत आली. कानशिलांच्या आंतल्या अंगास, दोन्ही बाजूंस, हिप्पोकँपस नांवाचा एक वळणदार भाग असतो. समुद्रघोड्याच्या आकृतीवरून त्यास हें ग्रीक नांव पडलें आहे. शस्त्रवैद्यानें या भागाचा मोठा अंश व त्याच्या लगतचा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून नवीन कांहीं लक्षांत राहणें बंद पडलें. भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळानें पुन्हा आला तर तो त्यास परकाच. बालपणींच्या पुष्कळ गोष्टी मात्र त्यास आठवत, भाषा शाबूत होती, आणि हाताच्या कसबाचें नवें काम सरावानें जमूंहि लागलें. स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांनीं १९५७ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मोलेसन २००८ सालीं वारला. स्मरण सर्वच्या सर्व हिप्पोकँपसांत सांठविलेलें असतें तर जुनें आणि नवें दोन्ही एकदमच जावयास हवें होतें. यावरून असें अनुमान निघतें कीं, नवी आठवण बांधतांना हिप्पोकँपस लागतो, परंतु ती आठवण मेंदूच्या इतर प्रदेशांतहि पसरलेली असते. मग या प्रदेशांचा परस्परांशीं व्यवहार चालतो कसा?

येथें मेंदूंतील विजेकडे वळलें पाहिजे. मेंदूंत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत, आणि त्या एकमेकींस सूक्ष्म विद्युत्-स्पंदांनीं निरोप देतात. लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनीं १८७५ सालीं ससे व माकडें यांच्या मेंदूंत असे प्रवाह असल्याचें जाहीर केलें. मनुष्याच्या डोक्यावरून त्यांची नोंद प्रथम घेतली ती जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यांनीं, १९२४ सालीं. म्हणजे ज्या वर्षीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें त्याच वर्षीं. बर्गर यांनीं पांच वर्षें पडताळा पाहून १९२९ सालीं आपला शोध छापला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या मनुष्याच्या मेंदूंतून एका सेकंदास सुमारे दहा आंदोलनांची लहर येते व डोळे उघडतांच ती मावळते, असें त्यांस आढळलें. प्रथम पुष्कळांचा विश्वास बसला नाहीं. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तोच प्रयोग करून दाखविला तेव्हां शंका फिटली. त्यानंतर निरनिराळ्या वेगांच्या लहरींस ग्रीक अक्षरांचीं नांवें मिळालीं. सेकंदास चार ते आठ आंदोलनें ती थीटा. वीस-तीसच्या आसपास ती बीटा. तीसच्या पुढची ती गामा.

आतां लहर म्हणजे काय? लक्षावधि पेशी एकाच वेळीं उत्सुक होतात आणि एकाच वेळीं शिथिल पडतात, त्याचा तो एकत्रित ठसा. हें समजावयास आमच्या पिंप्राळ्याचा रथ उपयोगीं पडेल. आषाढी एकादशीस आमच्या येथें विठ्ठलाचा रथ निघतो. खानदेशांतला असा रथ ज्यानें पाहिला असेल त्यास ठाऊक आहे कीं, दोरास शेंकडों हात लागलेले असले तरी ते मागेंपुढें ओढूं लागले तर चाक तसूभर हलत नाहीं. गजरासरशीं सारे एकदम ओढतात तेव्हांच तें धूड चालूं लागतें. आणखी एका गोष्टीकडे पाहणाऱ्याचें लक्ष कमी जातें. चाकांजवळ लांकडी मोगरी घेऊन कांहीं कसबी माणसें चालत असतात. मोगरी चाकाखालीं घालून रथ थांबविणें, वळविणें हें त्यांचें काम. ते ओढीत नाहींत, अडवितात. परंतु त्यांचा क्षण चुकला तर रथ भलतीकडेच जावयाचा. मेंदूंतहि दोन्ही प्रकारच्या पेशी आहेत. कांहीं पुढच्या पेशीस चेतवितात, कांहीं तिला आवरतात. या आवरणाऱ्या पेशी संख्येनें थोड्या, पण लय बांधण्याचें काम मुख्यतः त्यांच्याकडे असतें.

एक प्रदेश लयीच्या कोणत्या क्षणास बोलतो आणि दुसरा कोणत्या क्षणास ऐकावयास तयार असतो, यावर निरोप पोंचणें न पोंचणें अवलंबून असतें. दार उघडें असतां आलेला पाहुणा घरांत येतो. दार लागलेलें असतां आलेला तोच पाहुणा परत जातो. पास्कल फ्रीस यांनीं २००५ सालीं ही कल्पना नीटपणें मांडिली. त्याआधीं १९९५ सालीं लिस्मन आणि इडियार्ट यांनीं असें सुचविलें होतें कीं, थीटाच्या एका सावकाश लहरींत गामाच्या अनेक जलद लहरी बसतात, व प्रत्येक जलद लहर एकेक वस्तु धरून ठेवते. विलंबित लयीच्या एका मात्रेंत गवई अनेक स्वर बसवितो, तसाच कांहींसा हा प्रकार.

ही केवळ कल्पना नव्हे. जर्मनींतील बॉन येथें अपस्माराचे कांहीं रोगी होते. झटका कोठून उठतो हें पाहण्यासाठीं वैद्यांनीं त्यांच्या मेंदूंत बारीक तारा बसविल्या होत्या. त्यांस शब्द दाखवून नंतर कोणते आठवतात तें विचारण्यांत आलें. युर्गेन फेल व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं सांगितलें कीं, जे शब्द पुढें आठवले ते पाहतेवेळीं हिप्पोकँपस आणि त्याच्या शेजारचा पापुद्रा यांच्या गामा लहरी प्रथम अधिक जुळल्या व मग एकमेकींपासून सुटल्या. जे शब्द विसरले गेले त्यांच्या वेळीं असें झालें नाहीं. जुळणें आणि सुटणें दोन्ही तितकींच आवश्यक, हें येथें लक्षांत घ्यावें. सर्व पेशी सतत एका लयींत सांपडल्या तर तें स्मरण नव्हे, अपस्माराचा झटका होय.

या विषयांत अमेरिकेंतील ब्रँडाइस विद्यापीठाचे प्राध्यापक शंतनु जाधव यांनीं केलेलें काम नांवाजलें गेलें आहे. नांव वाचूनच आमच्या वाचकांस आपलेपणा वाटेल. सान फ्रान्सिस्को येथें असतांना, २०१२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन फांट्यांचा एक मार्ग होता. मधल्या फांट्यांतून निघून उंदरानें एकदां डावीकडे व पुढच्या खेपेस उजवीकडे जावयाचें, आणि प्रत्येक वेळीं मधल्या फांट्यांत परत यावयाचें, असा नियम. परत येण्यास फारशी आठवण लागत नाहीं. परंतु बाहेर जातांना मागल्या खेपेस आपण कोठें गेलों होतों हें ध्यानांत धरावें लागतें. आतां उंदीर वाटेंत क्षणभर थबकतो तेव्हां त्याच्या हिप्पोकँपसांत अत्यंत जलद, सेकंदास दीडशें ते अडीचशें आंदोलनांची एक तरंगिका उठून लगेच विरते. प्रयोगकर्त्यांनीं ही तरंगिका उठतांच विजेच्या हलक्या धक्क्यानें ती मोडली. परत येण्याचा नियम उंदीर नीट शिकले. ज्यास मागची आठवण लागते तो बाहेर जाण्याचा नियम मात्र त्यांस शिकणें जड गेलें. तरंगिका न मोडतां निराळ्या क्षणीं धक्के दिले तेव्हां असें झालें नाहीं.

त्याच जाधवांच्या प्रयोगशाळेनें २०२२ सालीं दुसरें काम छापलें. उंदरास वास द्यावयाचा. एका वासास डावीकडे व दुसऱ्यास उजवीकडे वळलें तर खाऊ. वास घेऊन ठरवितांना घ्राणाचा कंद, हिप्पोकँपस आणि कपाळामागील अग्रमस्तिष्क या तीन प्रदेशांत सेकंदास वीस ते तीस आंदोलनांची बीटा लहर व श्वासाबरोबर चालणारी सात-आठ आंदोलनांची लहर यांचा मेळ वाढला. बीटा लहरीशीं बांधल्या गेलेल्या पेशींची शिस्त जेथें पाळली गेली तेथें निवड बरोबर ठरली. आणि हा काळाचा मेळ राखण्यांत हिप्पोकँपसांतील आवरणाऱ्या पेशींचा हात मोठा, असें दिसलें. म्हणजे आमच्या मोगरीवाल्यांचें महत्त्व तेथेंहि सिद्ध झालें म्हणावयाचें.

आतां निद्रेकडे वळूं. विल्सन व मॅकनॉटन यांनीं १९९४ सालीं दाखविलें कीं, उंदीर दिवसा ज्या वाटेनें हिंडतो त्या वाटेवर एकत्र जागणाऱ्या पेशी तो झोंपल्यावरहि एकत्र जागतात. जणूं झोंपेंत दिवसाची उजळणी चालते. २००९ सालीं जिरार्दो व सहकाऱ्यांनीं शिकवणीनंतरच्या झोंपेंतील तरंगिका मोडून पाहिल्या, तों उंदरांचें शिकलेलें कच्चें राहिलें. २०१६ सालीं पॅरिसमध्यें याची उलट परीक्षा झाली. उंदरांस एखादी गोष्ट इतका थोडा वेळ दाखविली कीं दुसऱ्या दिवशीं ती लक्षांत राहूं नये. मग झोंपेंत, हिप्पोकँपसांत तरंगिका उठतांक्षणींच बाह्य मेंदूस हलका धक्का देऊन दोहोंचा मेळ बळकट केला. दुसऱ्या दिवशीं त्यांस ती गोष्ट आठवली. तोच धक्का सुमारे एकपंचमांश सेकंद उशीरानें दिला तेव्हां कांहीं लाभ झाला नाहीं. वीज तीच, जोरहि तोच. फरक काय तो क्षणाचा.

हें वाचून पुष्कळांच्या मनांत वेदपाठाचा विचार येईल. घनपाठांत पदें एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा उलटसुलट क्रमानें म्हणतात. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ व घन अशा आठ विकृति प्रसिद्ध आहेत. अहिल्यानगरचे देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या वेदपाठ्यांनीं २०२५ च्या अखेरीस काशी येथें शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या सुमारे दोन हजार मंत्रांचें दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरें केलें. दुसऱ्या टोंकास आमच्या जळगांवाजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नसलेली ही स्त्री जात्यावर आणि शेतांत ओव्या रचीत गेली. त्या घरच्यांनीं टिपून ठेविल्या म्हणून तिच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, त्यांचा संग्रह निघूं शकला. लयीनें बांधलेलें मुखांत टिकतें, याचीं हीं दोन प्रमाणें पुरेत.

तथापि मुखांतील लय आणि मेंदूंतील लहर या दोन वस्तु एक नव्हेत. जात्याचा फेरा एका सेकंदाहून मोठा. गामा लहर सेकंदास चाळीस वेळां येते. पठणानें मेंदूंत काय घडतें याचा एक चांगला अभ्यास हार्टझेल व सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं छापला आहे. त्यांत २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंचीं चित्रें इतर २१ माणसांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां हिप्पोकँपस धरून अनेक प्रदेशांत पंडितांचा मज्जाभाग अधिक आढळला. पण ही मेंदूच्या घडणीची मोजणी आहे, लयीची नव्हे. शिवाय पठणानें मेंदू असा झाला कीं असा मेंदू ज्यांचा तेच पाठशाळेंत टिकले, हें एकवेळच्या चित्रावरून ठरत नाहीं. आमच्या अनुभवांतली एक लहानशी गोष्ट सांगतों. सतराचा पाढा घडघड म्हणणाऱ्या मुलास मध्येंच सतरा सातें किती असें विचारिलें कीं तो सतरा एकें पासून मनांत सुरुवात करी. त्याच्यापाशीं पाढा होता, पण त्यांत शिरावयास एकच दार होतें. घनपाठाच्या उलटसुलट क्रमाचा मोठा गुण हाच कीं तो पदापदास अनेक दारें पाडतो. म्हणून पाठांतर टाकूं नये, आणि एकाच क्रमाच्या घोकंपट्टीस पाठांतर म्हणूं नये, असें आमचें मत आहे.

आतां घरांतल्या व्यवहाराकडे. आमच्या खानदेशांत फाल्गुन-चैत्राचें ऊन असें तापतें कीं दिवसा मुलांचें अभ्यासांत मन लागत नाहीं, म्हणून तीं रात्रीं वाचतात. त्यांत ब्राह्ममुहूर्ताचें महत्त्व घरोघर मानलेलें. तेव्हां रात्रीं बारापर्यंत जागविलेल्या मुलास पहाटे चारला पुन्हा उठवितात. पहाटे उठणें उत्तमच, पण तें लौकर निजणाऱ्यास. दोन्ही टोंकांनीं झोंप कापली म्हणजे दिवसा वाचलेलें रात्रीं पक्कें करण्याची जी वेळ, तीच आपण हिरावून घेतों. जुने लोक लौकर उठत, हें आपण सांगतों. ते दिवेलागणीनंतर थोड्याच वेळानें निजत, हें सांगावयाचें राहून जातें. दहावीच्या मुलास चार धडे अधिक वाचून होतील म्हणून चार तासांची झोंप देणारा बाप, पेरलेल्या शेतावर रात्रीं नांगर फिरवितो.

दुसरें असें कीं, मेंदूच्या नांवानें निघालेल्या बाजारापासून सावध राहावें. मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन म्हणून कांहीं वर्ग मध्यंतरीं महाराष्ट्रांत निघाले; मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून वाचवून दाखवीत आणि भारी फी घेत. पट्टी आणि नाक यांच्या फटींतून मुलें पाहतात, हें महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संस्थांनीं उघड केलें. ज्या मध्यमस्तिष्कास हे लोक जागें करूं म्हणतात तें निरोगी मुलाच्या ठायीं जन्मापासून जागेंच असतें. लहरी जुळविणारीं यंत्रें व गाणींहि विकावयास येतात. त्यांस एवढेंच विचारावें कीं, कोणत्या दोन प्रदेशांची लय, कोणत्या क्षणीं जुळवितां? एकपंचमांश सेकंदाच्या उशीरानें जेथें सारें फुकट जातें, तेथें पेटींत भरून विकलेली लय कोणाच्या उपयोगी पडणार?

आमच्या वयाच्या वाचकांसाठीं मात्र एक आशेची गोष्ट आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या राइनहार्ट व न्गुएन यांनीं २०१९ सालीं ६० ते ७६ वर्षांच्या ४२ माणसांवर प्रयोग केला. थोडा वेळ ध्यानांत धरावयाच्या स्मरणांत हीं माणसें तरुणांच्या मागें होतीं, आणि त्यांच्या मेंदूचा पुढचा व कानशिलाकडचा भाग यांच्या थीटा लहरींचा मेळ सैल होता. डोक्यावरून पंचवीस मिनिटें अत्यंत सौम्य वीज, प्रत्येकाच्या स्वतःच्या लयीस जुळवून, दिली असतां तो मेळ सुधारला, आणि त्यांचें काम तरुणांच्या बरोबरीस आलें; निदान पुढचीं पन्नास मिनिटें तरी तो गुण टिकला. हा घरीं करावयाचा उपचार नव्हे, आणि स्मृतिभ्रंशाच्या रोगावरचें औषधहि नव्हे. पण यावरून एक दिसतें कीं, उतारवयांतील विसर पुष्कळदां कोठार रितें झाल्याचा नसून मेळ ढिला पडल्याचा असतो. जिभेवर असलेलें नांव दुपारीं आपोआप आठवतें, तें याच कारणानें. चुलीवर ठेविलेलें दूध रोज विसरणें, पायांखालची वाट चुकणें, आपल्या माणसांस न ओळखणें, हें मात्र निराळें. तेथें वैद्यास दाखविण्यांत लाज किंवा दिरंगाई करूं नये.

तात्पर्य, स्मरण विकत मिळत नाहीं व कोंबतांहि येत नाहीं. आपल्या हातीं आहे तें एवढेंच कीं, शिकतांना चित्त एका जागीं असावें, शिकलेलें निरनिराळ्या दारांनीं पुन्हा पुन्हा आठवून पाहावें, मध्यें थोडें थांबावें आणि रात्रीं पुरें निजावें. बाकीचा मेळ मेंदू आपला आपण घालतो. या मार्च महिन्यांत ज्यांच्या घरीं परीक्षा असेल त्यांनीं रात्रीं दहाच्या ठोक्यास मुलाच्या खोलींतील दिवा स्वतः जाऊन मालवावा, आणि उरलेला धडा सकाळवर सोंपवावा, अशी आमची विनंती आहे.